आंब्याच्या खोडातून शेवया येऊन राहिल्या, आत कोण आहे?

कुलरचं_पाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बागकाम विभागात पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी (नागपूर, प्रतापनगरच्या बाजूला) अंगणात आंबा आहे, बाबांनी लावलेला, पंचवीसेक वर्षांचा असेल. परवा आई म्हणाली खोडाला काहीतरी लटकून राहिलंय, पाहिलं तर खोडातून पांढऱ्या शेवया बाहेर आलेल्या, म्हणजे खरंच शेवया, दोन-तीन सेंटीमीटर लांब, काडेपेटीच्या काडीपेक्षा बारीक, हात लावला की भुकटी होऊन पडतात. जमिनीपासून कमरेपर्यंत अशा चाळीसेक मोजल्या मग कंटाळा आला. शेवई झाडली की खाली भोक, पेनाच्या रिफिलचं टोक जाईल एवढंच, पण एकदम गोल, जसं ड्रिलनं पाडलं. काही भोकांतून डिंक पण आलाय. वरच्या दोन फांद्यांची पानं मलूल दिसतात.

शेजारचे काका म्हणतात भिरूड (खोड पोखरणारी अळी) आहे, रॉकेलचा बोळा कोंब आणि वरून चिखल लाव. आता रॉकेल कुठून आणू आणि चाळीस बोळे कुठं कोंबू. नर्सरीवाल्यानं एक बाटली दिली, साडेचारशे रुपये, फवारली, दुसऱ्या दिवशी नवीन शेवया हजर.

एक गोष्ट सांगायची राहिली, यंदा आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला आणि तो घराच्या फाटकापेक्षा फूटभर उंच, त्यामुळे पावसाळाभर अंगणात पाणी. आंब्याच्या बुडाशी तर ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस डबकंच होतं. त्याचा काही संबंध आहे का माहीत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

भौ, सरळ आहे, भिरूडच. आमच्या वावरात संत्र्याले लागते. तार घाल भोकात, अळी टोचून काढ, पेट्रोलचा बोळा, वरून शेण-माती. दोन दिवसात खल्लास. आमचे आजोबा हेच करत.

---

सुतारपक्षी

@वऱ्हाडी_ठेचा, नाही हो दादा, आंब्याच्या भिरूडाची अळी बोटाएवढी जाड असते, तिचं भोक मोठं, आणि बाहेर जाडाभरडा भुसा पडतो. आणि तुमच्या संत्र्याला साल खाणारी अळी असते ती वेगळीच, ती भुशाची आणि विष्ठेची जाळी करते सालीवरून. रिफिलच्या टोकाच्या भोकात तार काय घालणार, जेमतेम सुई जाईल.

@कुलरचं_पाणी, शेवई म्हटल्यावर माझा अंदाज अँब्रोशिया बीटल. दोन-अडीच मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा, तिळापेक्षा लहान. बोगदा खणताना भुसा मागं ढकलत जाते (ढकलते, कारण खणणारी मादी असते) आणि तो दाबून दाबून शेवईसारखा बाहेर येतो, वारा-पाऊस नसला की लांब वाढतो. इंग्रजीत टूथपिक म्हणतात, आपल्याकडे शेवयाच बऱ्या.

आता ऐका गंमत. हा प्राणी तुमचं लाकूड खात नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

लाकूड खात नाही तर कायले पोखरून राहिला बे? टाइमपास?

---

सुतारपक्षी

शेतीसाठी 😄 सिरीयसली.

लाकडात खाण्यासारखं फार काही नसतं, नायट्रोजन तर नावापुरता. ही मादी घरून निघतानाच सोबत बुरशीचं बियाणं घेऊन निघते. अंगावर त्यासाठी वेगळा खिसा असतो. काही जातींत तो पाठीवर, मानेच्या मागच्या ढालीखाली, आणि काहींत चक्क जबड्यात, म्हणजे आपला नागपुरी माणूस गालात खर्रा (तंबाखू-सुपारीचा) धरून फिरतो ना तसं. हेलेन फ्रांके-ग्रोसमान नावाच्या जर्मन बाईंनी १९५० च्या दशकात हे खिसे शोधून त्यांचं वर्णन केलं, त्याआधी शंभर वर्षं लोकांना कोडं होतं की बुरशी नेमकी येते कुठून.

बोगदा झाला की त्याच्या भिंतींवर ती बुरशी पेरते, बुरशी लाकडात खोल तंतू घालून तिथलं पोषण ओढून आणते आणि बोगद्याच्या भिंतीवर त्याचं पीक येतं. मादी तेच खाते, अळ्या तेच खातात. किड्यांना स्टेरॉल (वाढीला लागणारा एक स्निग्ध पदार्थ) स्वतः बनवता येत नाही, ते या बुरशीतून मिळतं, न मिळालं तर काही जातींत अळीचा कोष होतच नाही. म्हणजे बुरशीशिवाय भुंगेरा नाही आणि भुंगेऱ्याशिवाय त्या बुरशीला एका झाडातून दुसऱ्या झाडात जायला गाडी नाही.

म्हणून तुमची साडेचारशेची बाटली वाया गेली. ती पोटात जाऊन मारणारी असेल तर साल-लाकूड खाणाऱ्यालाच लागू पडते, आणि हिच्या पोटात लाकूड जातच नाही. स्पर्शाचं औषध म्हणावं तर ती आधीच आत बसलेली.

---

टिचकी

बापरे, अंगावर काटा आला आणि मजा पण वाटली. अँब्रोशिया म्हणजे ते ग्रीक देवांचं खाणं ना?

---

पुराणातली_वांगी

हो तेच. १८३६ साली योसेफ श्मिडबर्गर नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थांनी फळझाडांच्या लाकडातल्या बोगद्यांत पांढरा थर पाहिला, अळ्या तो खातात हे त्यांच्या लक्षात आलं पण तो आहे काय ते कळेना, तर नाव दिलं अँब्रोशिया. मग १८४४ मध्ये थिओडोर हार्टिगनं सांगितलं की अरे ही तर बुरशी आहे. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आणि भाषेतली गंमत, अँब्रोशिया आणि आपलं अमृत हे एकाच मुळातले शब्द आहेत, दोन्हीचा अर्थ न मरणारं. त्यामुळे मराठीत या किड्याला 'अमृतभुंगा' म्हणायला हरकत नाही, धागाकर्त्यांचा आंबा वाचला तर.

---

कुलरचं_पाणी

अमृतभुंगा 😂 आईला सांगितलं, ती म्हणे अमृत त्याला, आणि आंबे आम्हाला कोण देणार.

@सुतारपक्षी दादा, मग आमच्याच झाडात काहून? बाजूच्या घरी पण आंबा आहे, त्याला एक भोक नाही.

---

सुतारपक्षी

तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय पहिल्या पोस्टमध्ये. पाणी.

मुळं पाण्याखाली राहिली की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही, मग झाडाच्या पेशी बिनऑक्सिजनचा धंदा सुरू करतात आणि त्यातून इथेनॉल तयार होतं, म्हणजे सरळ दारू. ती खोडातून वर चढते आणि सालीतून वास बाहेर. आपल्याला येत नाही, भुंगेऱ्याला लांबून येतो. तिच्यासाठी ती पाटी आहे, 'इथे कमजोर झाड, आत या'. बाजूच्या आंब्याच्या बुडाशी पाणी साचलं नसेल तर त्यानं पाटी लावलीच नाही.

---

मोहफूल

गडचिरोलीकर इथे. म्हणजे आमच्याकडच्या मोहाच्या भट्टीवर हे येत असतील की काय झुंडीनं 😅

---

सुतारपक्षी

@मोहफूल तुम्ही मस्करीत म्हणालात पण या भुंगेऱ्यांचे सापळे लावताना इथेनॉलच आमिष म्हणून वापरतात, जगभर.

आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बरीच वर्षं वाटायचं की दारूचा वास म्हणजे फक्त 'झाड आजारी आहे' एवढीच खूण. २०१८ मध्ये एक अभ्यास आला त्यात दिसलं की या भुंगेऱ्यांची बुरशी थोड्या इथेनॉलमध्ये जास्त चांगली वाढते, आणि त्यांच्या शेतात तण म्हणून येणाऱ्या बुरश्या, म्हणजे आपल्या ब्रेडवर येतात त्या पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस वगैरे, त्या दबतात. म्हणजे दारू हे या शेतकरणीचं तणनाशक आहे, आणि ते ती विकत घेत नाही, ज्या वावरात आधीच फवारलेलं आहे तेच वावर शोधते.

---

वऱ्हाडी_ठेचा

हे बाकी मानलं बाप्पा. आमचं तणनाशकाचं बिल पाहा अन् हिचं पाहा.

---

मोहफूल

आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावर सात्या (अळंबी) येतात, बाजारात मटणाच्या भावानं जातात कधीकधी, त्यांची पण अशीच भानगड आहे ना? म्हणजे उधई (वाळवी) बुरशी पाळते म्हणतात.

---

पुराणातली_वांगी

अगदी. वारूळ बांधणारी उधई पालापाचोळा-लाकूड चावून आत त्याचा स्पंजासारखा पोळा करते, त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते, आणि पाऊस पडला की ती बुरशी वर छत्री काढते, ती आपली सात्या. पानं कापणाऱ्या अमेरिकेतल्या मुंग्या, उधई आणि हे भुंगेरे, कीटकांत शेती करणारे हे तीन मोठे गट. त्यात मुंग्यांनी शेतीचा शोध एकदाच लावला, उधईनं पण एकदाच, आणि भुंगेऱ्यांत तो वेगवेगळ्या घराण्यांनी दहाहून जास्त वेळा स्वतंत्रपणे लावलाय. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची, यांची कोट्यवधी वर्षांची.

---

टिचकी

मग आंब्यातल्या बुरशीची पण भाजी होईल? (गंभीर प्रश्न आहे, हसू नका)

---

पुराणातली_वांगी

नाही होत ताई 😄 या बुरश्या बहुतेक छत्री काढतच नाहीत. बोगद्याच्या भिंतीवर नुसता थर असतो, दुधावरच्या सायीसारखा. छत्री काढून बिया उधळायची गरजच उरली नाही, गाडी दाराशी येते.

---

लिंबाची_साल

थोडं थंड पाणी ओततो. तुम्ही सगळे 'किती छान निसर्ग' करून राहिले पण ज्याचं झाड जातं त्याला विचारा. माझ्या मामेभावाची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग, खोडाला हीच बारीक भोकं आणि मग मर. डाळिंबाच्या मर रोगात सेराटोसिस्टिस बुरशी जमिनीतून मुळात जाते, आणि त्यात हे छोटे भुंगेरे खोड पोखरून आणखी हाल करतात. गेरूचा लेप देतात खोडाला औषध कालवून, पण तो भोकं पडायच्या आधी. नंतर दिला तर भिंतीला रंग दिल्यासारखं.

आंब्याला पण असं झालंय. ओमान आणि पाकिस्तानात आंब्याच्या झाडांची अचानक मर झाली, तिथं सालीतला एक छोटा भुंगेरा सेराटोसिस्टिस बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो असं निघालं. तेव्हा अमृत-बिमृत ठीक आहे, धागाकर्त्यांनी झाड आधी नीट पाहावं.

---

सुतारपक्षी

@लिंबाची_साल मान्य, शंभर टक्के. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर बरं. बहुतेक अँब्रोशिया भुंगेरे मेलेल्या किंवा मरणाऱ्या लाकडातच जातात आणि त्यांची बुरशी फारसं नुकसान करत नाही. बोंब होते ती भुंगेरा परक्या देशात गेला की.

अमेरिकेतलं उदाहरण, २००२ मध्ये जॉर्जियात सव्हाना बंदराजवळ एक भुंगेरा सापडला, मूळचा आपल्या आशियातला, भारतात पण आहे. बहुधा पॅकिंगच्या लाकडातून गेला. आशियात तो कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण तिकडं रेडबे नावाच्या झाडात शिरला, आणि त्या झाडाला ही बुरशी कधी माहीतच नव्हती. झाड घाबरून स्वतःच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करून घेतं, बुरशी पसरू नये म्हणून, आणि तहानेनं मरतं. काही आठवड्यांत अख्खं झाड तपकिरी. कोट्यवधी झाडं गेली आणि मग फ्लोरिडातल्या अ‍ॅव्होकाडोच्या बागांत घुसलं.

बुरशी तीच, भुंगेरा तोच, फक्त झाड अनोळखी.

---

चहाबाज_धरमपेठ

चहाच्या मळ्यात पण असतो ना हा? आसाममध्ये नोकरीला असताना शॉट होल बोरर म्हणून ऐकल्यासारखं वाटतं.

---

पुराणातली_वांगी

श्रीलंका आणि दक्षिण भारतातल्या चहाचा जुना वैरी. फांदीत गोल बोगदा करतो आणि मग पानं खुडताना फांदी तिथंच कटकन मोडते. तिथल्या भुंगेऱ्याची बुरशी गॅड आणि लूस या दोघांनी १९४७ मध्ये वर्णन केली. त्याचेच जवळचे भाऊबंद पुढे इस्राएल, कॅलिफोर्निया, दक्षिण आफ्रिका इथं रस्त्याकडेची झाडं मारायला लागले, म्हणजे तिथं पण अ‍ॅव्होकाडोवाले रडकुंडीला.

---

कुलरचं_पाणी

अपडेट देतो. वरची एक मलूल फांदी (मनगटाएवढी) कापली आणि कोयत्यानं उभी चिरली. तिच्यातही तीन भोकं होती. मोबाइलला ते बारा रुपयांचं... नाही, दीडशेचं मॅक्रो भिंग लावून पाहिलं.

भोक सरळ आत जातं सेंटीमीटरभर, मग वळून एक छोटी खोली, उभट, जशी नखानं कोरली. भिंती तपकिरी-काळपट आणि त्यावर पांढुरकी साय, काही ठिकाणी जरा दाणेदार, दही लागतंय न लागतंय तसं. त्यात सात-आठ अळ्या, बिनपायाच्या, तांदळाच्या कणीएवढ्या, वाकड्या, आणि दोन तपकिरी आयाबाया. उन्हात आणल्याबरोबर एक बाई भोकाच्या तोंडाशी येऊन पाठ लावून बसली. म्हणजे खरंच दार अडवल्यासारखी. मी काडीनं ढकललं तर हलेना.

आई बघून म्हणाली "लेकुरवाळी आहे गं बिचारी" आणि मग लगेच "पण आंबा आमचा आहे".

---

सुतारपक्षी

जबरदस्त निरीक्षण! दार अडवणं हे त्यांचं कामच आहे, शत्रू आत येऊ नये आणि आतला ओलावा टिकावा म्हणून.

एका युरोपीय जातीवर, झायलेबोरायनस सॅक्सेसेनाय, २०११ मध्ये काम झालं. काचेच्या नळीत भुसा भरून त्यांना पाळलं, बाहेरून सगळं दिसतं. त्यात दिसलं की अळ्या पण कामाला लागतात, भुशाचे गोळे करून ठेवतात, खोली रुंद करतात, आणि मोठ्या झालेल्या लेकी लगेच घर सोडून जात नाहीत, आईच्या शेतात राबतात, बुरशी सावरतात, दारात बसतात. आणि शेतात कोणी नसेल तर काय होतं, तर तण माजतं, बाहेरच्या बुरश्या सगळं गिळतात आणि अळ्या उपाशी. म्हणजे निंदण रोजचं.

ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या जिवंत झाडात राहणारी एक जात तर अगदी मधमाश्यांसारखी, एकच राणी, बाकीच्या मुली आयुष्यभर कामकरी. १९९२ मध्ये हे छापून आलं, भुंगेऱ्यांत असं पहिल्यांदाच सापडलं होतं.

---

टिचकी

आणि नर? सगळीकडे आई, लेकी, बाई. बाबा कुठंय?

---

सुतारपक्षी

घरात 😄 या गटात नर थोडे, लहान आणि त्यांना उडता येत नाही. बिनफळलेल्या अंड्यातून नर होतो, फळलेल्या अंड्यातून मादी. नर आपल्याच बहिणींशी जुळतो आणि बहिणी फळून बाहेर पडतात, खिशात बुरशी भरून. एखादी कुमारीच उडाली आणि एकटी झाडात शिरली तरी अडत नाही, आधी बिनफळलेली अंडी घालते, मुलगा मोठा होतो, आणि मग त्याच्याशीच... पुढचं समजून घ्या. म्हणून एका मादीवर अख्खा देश भरतो, बंदरात उतरलेली एक पुरते.

---

टिचकी

रात्री आठच्या मालिकांत पण एवढं दाखवत नाहीत हो.

---

वऱ्हाडी_ठेचा

विचारलं कायले मग 😂

---

लिंबाची_साल

चला कामाचं बोलू. @कुलरचं_पाणी, आंब्याची सध्या काय हालत? मुख्य खोडाची साल भोकाजवळ चाकूनं जरा खरवडून पाहा, आत पांढरट-हिरवी ओली असेल तर आशा आहे, तपकिरी-काळा पट्टा वर चढत गेला असेल तर बुरशी नळ्यांत गेलीय. आणि डिंक येतोय हे वाईट लक्षण समजू नका, झाड लढून राहिलंय, काही भुंगेरे डिंकातच अडकून मरतात.

---

कुलरचं_पाणी

खरवडलं. तीन ठिकाणी. भोकाभोवती बोटभर डाग आहे, त्याच्या वर ओलं पांढरं. वरच्या दोन फांद्या मात्र गेल्या, आत काळ्या रेघा.

---

लिंबाची_साल

मग वाचेल बहुतेक. मी असतो तर हे केलं असतं, पाणी आधी. आळ्याच्या बाहेरून, खोडापासून दूर एक नाली काढून पाणी फाटकाबाहेर वळवायचं, रोड उंच असेल तर शोषखड्डा करा अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात. बुडाशी सिमेंट-फरशी असेल तर फोडून मोकळं करा, हे आपल्या नागपुरात झाडांच्या गळ्याशी सिमेंट आणायचं जे फॅड आहे ना त्यानं अर्धी झाडं दमलेली आहेत. मेलेल्या फांद्या कापा आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप). खत आत्ता घालू नका, आजारी माणसाला पुरणपोळी वाढू नये.

कापलेल्या फांद्या अंगणात ढीग लावून ठेवू नका, आतल्या लेकी तिथूनच उडतील. जाळा, नाहीतर काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून गच्चीवर उन्हात. ऑक्टोबर हीट फुकट आहे आपल्याकडे.

---

सुतारपक्षी

आणि गंमत म्हणून एक सापळा लावा. पाण्याची लिटरची बाटली, बाजूला दोन-तीन खिडक्या कापायच्या, उलटी टांगायची, झाकणात साबणाचं पाणी, आत एका छोट्या शिशीत स्पिरिट किंवा सॅनिटायझर, पण इथाइल अल्कोहोलवालं बघून घ्या, आयसोप्रोपाइलवालं नको. आंब्यालाच टांगू नका हं, पाहुण्यांना घराचा पत्ता दिल्यासारखं होईल, कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला टांगा. यानं कीड संपत नाही, पण किती उडून राहिल्या ते कळतं.

---

चहाबाज_धरमपेठ

माझा एक बाजूचा प्रश्न, घरात जुना सागवानी पलंग आहे, त्याच्या एका पाटीवर अशीच बारीक भोकं आहेत, कडा काळ्या. मी घाबरलो धागा वाचून. आंब्यातून पलंगात येतील का?

---

इतवारी_ते_लकडगंज

खूप दिवसांनी लॉगिन केलं तुमच्यासाठी. आमचा तीन पिढ्यांचा लाकडाचा धंदा, लकडगंजला. साहेब निवांत झोपा. काळ्या कडेची सुईएवढी भोकं म्हणजे झाड ओलं असताना, जंगलात पडून असताना लागलेला किडा. काळं दिसतं ते त्या बुरशीचं. लाकूड वाळलं की बुरशी मेली, बुरशी मेली की किडा उपाशी. वाळलेल्या सागात तो परत लागत नाही. आमच्या आरा मशीनवर बल्लारपूरकडचा गोल माल येतो त्यात दिसतं कधीकधी, सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात जास्त. गिऱ्हाईक नाक मुरडतं, भाव पाडून मागतं, आमचा मिस्त्री एकच सांगतो, "साब, कीड़ा नहीं है, दाग़ है."

भ्यायचं असेल तर पीठ पाहून भ्या. भोकातून मैद्यासारखं बारीक पीठ पडत असेल, कडा स्वच्छ असतील, तर तो वाळक्या लाकडाचा घुण, तो जिवंत आहे आणि वाढणार. बांबूत तर हमखास, बांबूतली साखर-स्टार्च त्याला लागते, म्हणून जुने लोक बांबू कापून नदी-नाल्यात बुडवून ठेवत महिनाभर.

---

चहाबाज_धरमपेठ

पीठ नाही, कडा काळ्याच. धन्यवाद, पलंग वाचला!

---

वऱ्हाडी_ठेचा

@इतवारी_ते_लकडगंज भौ मग पाडलेला माल पावसाळ्यात जंगलातच काहून पडू देतात, लवकर वाहून नेला तर किडा लागणारच नाही ना?

---

इतवारी_ते_लकडगंज

बरोबर बोलले. साल काढून, लवकर उचलून, फट्टे कापून हवेशीर थप्पी लावली की विषय संपतो. उशीर झाला की दाग. ताज्या कापलेल्या ओल्या लाकडाला आंबूस वास येतो ना, आता या धाग्यामुळे कळलं तो वास कोणाला बोलावतो ते. तीस वर्षं तो वास घेऊन राहिलो आम्ही.

---

कुलरचं_पाणी

तीन आठवड्यांनंतरचा अपडेट, उशीर झाला, दिवाळीची साफसफाई.

नाली काढली, शोषखड्डा केला (चार फूट, विटांचे तुकडे आणि रेती, मजुरी धरून साडेतीन हजार, रोडवाल्या ठेकेदाराला बिल पाठवायची इच्छा आहे). बुडाजवळची फरशी फोडली, खाली माती काळी आणि आंबूस वास, म्हणजे खरंच भट्टीसारखा. फांद्या कापून बोर्डो लावला. कापलेल्या फांद्या प्लास्टिकमध्ये गच्चीवर, आईनं त्यावर पापड वाळत घातले होते, ते काढायला लावले.

सापळ्यात पहिल्या आठवड्यात एकोणीस, दुसऱ्यात सहा, या आठवड्यात दोन. त्या दोनमधली एक मुंगी निघाली.

खोडावर नवीन शेवया नाहीत. जुनी भोकं आहेत तशीच. काल खालच्या फांदीला तांबूस पालवी दिसली, चार-पाच पानांची.

---

लिंबाची_साल

पालवी आली म्हणजे मुळं श्वास घेऊन राहिली. यंदा मोहोर आला तर अर्धा काढून टाका, झाडावर भार नको.

---

कुलरचं_पाणी

मोहोर काढायचं आईला तुम्हीच सांगा, नंबर देतो.

---

टिचकी

आणि शेवयांची खीर? दिवाळीत झाली का?

---

कुलरचं_पाणी

नाही. यंदा बासुंदी केली.